संस्थेचे दप्तर सामायिक संगणकप्रणालीत कसे आणावे

कार्यकारिणी बदलली की नोंदणीकृत विश्वस्त संस्थेला दोन कामे तातडीने करावी लागतात. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियमाच्या कलम २२ नुसार बदल झाल्यापासून ९० दिवसांच्या आत धर्मादाय कार्यालयात चेंज रिपोर्ट दाखल करावा लागतो आणि बँकेत सह्यांचे अधिकार बदलून घ्यावे लागतात. त्यासाठी घटनेची प्रत, नोंदणी प्रमाणपत्र, परिशिष्ट १ चा (म्हणजे धर्मादाय कार्यालयातील संस्थेच्या नोंदीचा) उतारा, सभेची नोटीस, उपस्थितांच्या सह्या आणि ठराव असे नेहमीचेच कागद लागतात. ज्या संस्थेचा मी काही वर्षे कार्यवाह होतो ती विद्यार्थ्यांचे वसतिगृह आणि त्याला जोडून एक लहानसे वाचनालय चालवते. माझी निवड झाली त्या वर्षी हे एवढे कागद जमवायला आम्हांला पंधरवडा लागला. घटनेची स्कॅन केलेली प्रत माजी कार्यवाहांच्या खासगी ई-मेलमध्ये होती आणि ते मुलाकडे परदेशी राहायला गेले होते. परिशिष्टाचा उतारा खजिनदारांच्या फोनमध्ये, छायाचित्राच्या रूपात, नातवाच्या वाढदिवसाच्या फोटोंच्या मध्ये सापडला. ठरावाच्या ‘फायनल’, ‘फायनल नवीन’ आणि ‘फायनल सहीचा’ अशा तीन फायली मिळाल्या. प्रत्यक्ष सह्या झालेला मजकूर मात्र त्यांपैकी एकीशीही तंतोतंत जुळत नव्हता.

यात कोणाचाही हलगर्जीपणा नव्हता. प्रत्येकाने आपल्यापाशी असलेला कागद नीट जपला होता आणि अडचण नेमकी तीच होती: कागद माणसांपाशी होते, संस्थेपाशी नव्हते. सामायिक माहिती व्यवस्थापन प्रणालीचा खरा लाभ इथे आहे. काम भराभर होते, कागद वाचतो वगैरे जे सांगितले जाते ते खोटे नाही, पण दुय्यम आहे. संस्थेची आठवण पदाधिकाऱ्यांच्या फोनमधून आणि डोक्यातून काढून संस्थेच्या ताब्यात आणणे हे मुख्य काम, आणि पुढील मार्गदर्शन त्याच हेतूने केले आहे.

प्रणाली म्हणजे नेमके काय

नाव भारदस्त असले तरी कल्पना साधी आहे. प्रत्येक कागदाची एकच प्रत एका ठरलेल्या जागी असावी, ज्यांना अधिकार आहे त्या सर्वांना ती आपापल्या ठिकाणाहून पाहता वा दुरुस्त करता यावी, कोणी केव्हा काय बदलले हे आपोआप नोंदले जावे आणि चूक झाल्यास आधीची आवृत्ती परत आणता यावी. या चारही गोष्टी ज्यात आहेत ती सामायिक प्रणाली. व्हॉट्सॲपच्या गटावर पीडीएफ पाठवणे यात बसत नाही, कारण तिथे पाठवणाऱ्यागणिक आणि पाठवल्यागणिक नवी प्रत तयार होते आणि आठ दिवसांनी कोणती खरी हे कोणालाच सांगता येत नाही.

ही कल्पना नवी नाही. अमेरिकन प्रोग्रामर वॉर्ड कनिंगहॅम यांनी २५ मार्च १९९५ रोजी पहिली विकी, म्हणजे वाचणाऱ्यांनाच पाने लिहिता-बदलता येणारे संकेतस्थळ, सुरू केली, ती प्रोग्रामरांना आपसांतली माहिती एकत्र लिहिता यावी म्हणून. होनोलुलू विमानतळावरच्या ‘विकी विकी’ या शटल बसवरून त्यांनी नाव घेतले; हवाई भाषेत ‘विकी’ म्हणजे जलद. कार्यकारिणीला हे सारे समजावून सांगायचे असेल, तर मराठी विकिपीडियावरचा कोणताही लेख पडद्यावर उघडून वरचा ‘इतिहास पहा’ हा दुवा दाबून दाखवावा. कोणत्या सदस्याने कोणत्या तारखेला कोणता शब्द बदलला याची यादी समोर येते. आमच्या सभेत माझ्या अर्ध्या तासाच्या भाषणाने जे झाले नव्हते ते या एका टिचकीने झाले. एक ज्येष्ठ विश्वस्त म्हणाले, “म्हणजे प्रोसिडिंगमध्ये मागाहून कोणी खाडाखोड केली तर कळेल?” कळेल, असे म्हटल्यावर त्यांचा विरोध तिथेच संपला.

आधी महिनाभर टिपण

सॉफ्टवेअर निवडण्याची घाई करू नये. आधी एक महिना कार्यालयात एक साधी वही ठेवावी आणि जेव्हा जेव्हा कोणी कागद शोधेल तेव्हा तेव्हा तीत चार गोष्टी लिहाव्यात: काय शोधले, कोणी मागितले, शेवटी कुठे सापडले, किती वेळ गेला. हे टिपण पुढे दोनदा उपयोगी पडते. कोणती माहिती आधी आणावी हे त्यावरून ठरते, आणि वर्षभराने ‘या सगळ्याचा फायदा काय झाला’ असे कोणी विचारलेच तर तुलना करायला काहीतरी हाताशी राहते. आमच्या वहीत सर्वांत जास्त वेळा आलेला प्रश्न मला अपेक्षित होता तो नव्हता. ठराव किंवा भाडेकरार नव्हे, तर ‘त्या पत्राला आपण उत्तर दिले का’ हा प्रश्न दर दोन-तीन दिवसांनी कोणीतरी विचारत होते. म्हणून आम्ही सुरुवात आवक-जावक नोंदवहीपासून केली.

खाते संस्थेच्या नावाचे असावे

या एका बाबतीत तडजोड करू नये. पुष्कळ संस्थांमध्ये सारे काम एखाद्या उत्साही सभासदाच्या वैयक्तिक जीमेल खात्यावर सुरू होते आणि सुरळीत चालतेही, जोवर तो सभासद आहे तोवर. वैयक्तिक खात्यातल्या फायलींची मालकी त्या व्यक्तीची असते. तिने खाते बंद केले की फायली जातात. खेरीज सलग २ वर्षे न वापरलेले वैयक्तिक खाते गूगल मजकुरासह काढून टाकू शकते. संस्थेच्या नावाचे डोमेन, म्हणजे इंटरनेटवरचा स्वतःचा पत्ता, घ्यावे आणि त्यावर ‘कार्यवाह’, ‘खजिनदार’, ‘अधीक्षक’ अशी पदांच्या नावाची खाती काढावीत. पद बदलले की पासवर्ड आणि पडताळणीचा मोबाइल क्रमांक बदलावा, खाते तेच राहावे. व्यवस्थापकीय अधिकार दोन व्यक्तींकडे असावेत आणि हे कार्यकारिणीच्या ठरावात लिहून घ्यावे, म्हणजे एकाच्या आजारपणात कुलूप लागत नाही.

निवडीसाठी तीन मार्ग ढोबळमानाने समोर असतात. गूगल वर्कस्पेससारखी भाड्याने मिळणारी सेवा घेतली तर देखभालीची चिंता राहत नाही. पात्र ठरणाऱ्या ना-नफा संस्थांसाठी तिची मोफत आवृत्तीही आहे. तिच्यात ‘शेअर्ड ड्राइव्ह’ नावाची सोय असते आणि तीत ठेवलेल्या फायली व्यक्तीच्या नव्हे, संस्थेच्या मालकीच्या राहतात, हे महत्त्वाचे. ज्यांना माहिती स्वतःच्या सर्व्हरवर ठेवायची आहे त्यांच्यासाठी नेक्स्टक्लाउड आहे. तो मुक्त स्रोत, म्हणजे मूळ आज्ञावली सर्वांना खुली असलेला, आहे, २०१६ पासून चालू आहे, आणि संचिका, दिनदर्शिका, संपर्क हे सारे एकत्र देतो. पण तो सांभाळायला जाणता माणूस कायम हवा. तो नसेल तर या वाटेला जाऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. तिसरा मार्ग विकीचा. डोकुविकी ही २००४ पासूनची प्रणाली डेटाबेस न वापरता पाने साध्या मजकूर फायलींत ठेवते, त्यामुळे तिचा बॅकअप म्हणजे एक फोल्डर उचलून दुसरीकडे ठेवणे इतकेच असते. पत्रव्यवहार आणि हिशोबासाठी पहिला मार्ग, आणि ‘हे काम आपल्याकडे कसे करतात’ अशा माहितीसाठी विकी, अशी जोडी लहान संस्थेला पुरते.

पहिली वही: आवक-जावक

जुन्या नोंदवहीचे रकाने जसेच्या तसे घ्यावेत. संगणक आला म्हणून वीस नवे रकाने काढण्याचा मोह होतो. त्याने काम वाढते आणि तिसऱ्या आठवड्यात नोंदी थांबतात. क्रमांक, दिनांक, कोणाकडून, विषय, कोणाकडे सोपवले, उत्तराचा जावक क्रमांक, आणि मूळ पत्राच्या स्कॅन प्रतीचा दुवा हे सात रकाने पुरे आहेत. यांतले शेवटचे दोन नवे आणि सारा फरक त्यांच्यामुळे पडतो. उत्तराचा रकाना रिकामा असलेल्या ओळी तेवढ्या वेगळ्या काढून पाहिल्या की प्रलंबित पत्रांची यादी आपोआप मिळते; ती दर सोमवारी अधीक्षकांनी पाहावी. पत्राची स्कॅन प्रत कोणालाही ‘पाठवू’ नये, दुवा द्यावा. पहिले सहा महिने हा नियम कडक पाळावा लागतो. “सर, मला तेवढं व्हॉट्सॲप करा ना” या विनंतीला नम्र पण ठाम नकार दिला नाही तर चार महिन्यांत गाडी पुन्हा जुन्याच वळणावर जाते.

फोल्डर कसे लावावेत याबद्दल पुष्कळ काथ्याकूट होतो. वास्तविक याचे उत्तर आपल्याच सरकारी कार्यालयांत तयार आहे. १९८० च्या दशकात अहमदनगरचे, म्हणजे आताच्या अहिल्यानगरचे, जिल्हाधिकारी असलेल्या अनिलकुमार लखिना यांनी जिल्हाधिकारी कार्यालयाच्या कामकाजाची जी फेरमांडणी केली ती ‘लखिना पॅटर्न’ म्हणून ओळखली गेली. दप्तर लावण्याची शिस्त तिच्यात मध्यवर्ती होती. सरकारी दप्तरातली ‘सहा गठ्ठे’ ही पद्धत आजही कर्मचाऱ्यांना ठाऊक असते: प्रलंबित प्रकरणे, प्रतीक्षाधीन प्रकरणे, नियतकालिके, स्थायी आदेश, अभिलेख कक्षात पाठवायचे कागद आणि नष्ट करायचे कागद. हेच सहा फोल्डर सामायिक ड्राइव्हवर करावेत. ‘प्रतीक्षाधीन’ म्हणजे आपण उत्तर देऊन समोरच्याची वाट पाहतो आहोत ती प्रकरणे. ती ‘प्रलंबित’पासून वेगळी काढली की आपल्यामुळे काय अडले आहे आणि दुसऱ्यामुळे काय, हे लख्ख दिसते. ‘नियतकालिके’मध्ये लेखापरीक्षण, विवरणपत्रे, परवान्यांची नूतनीकरणे अशा ठरावीक तारखांची कामे येतात आणि त्यांना सामायिक दिनदर्शिका जोडता येते. ‘नष्ट करायचे’ हा फोल्डर बहुतेक जण करत नाहीत. तो अवश्य करावा. ज्या दप्तरातून कधीच काही बाहेर जात नाही त्यात पुढे काहीच सापडत नाही.

इतिवृत्ताची वही

जुन्या प्रोसिडिंग बुकांचे काय करावे हा प्रश्न हमखास येतो आणि ‘सगळे टाइप करून घेऊ’ असा उत्साही ठरावही होतो. असे करू नये. आमच्याकडे पन्नासहून अधिक वर्षांच्या वह्या होत्या, निरनिराळ्या वळणांच्या अक्षरांत, काही पाने शाई फुटलेली. त्या टाइप करायला वर्षे लागली असती आणि टाइप केलेल्या प्रतीला कायदेशीर मोल काही नसते. आम्ही पाने ३०० डीपीआयवर स्कॅन केली आणि ठरावांची फक्त सूची केली: सभेचा दिनांक, ठराव क्रमांक, विषय चार-पाच शब्दांत, वहीचा क्रमांक, पान, आणि स्कॅनचा दुवा. वाचनालयातल्या दोन निवृत्त शिक्षिकांनी ही सूची उन्हाळ्याच्या सुटीत पुरी केली. ‘गाळा’ हा शब्द टाकला की गाळ्याच्या भाड्याविषयीचे सारे ठराव कालक्रमाने समोर येतात. १९७० च्या दशकात कोणा देणगीदाराच्या स्मरणार्थ एक खोली नेहमी राखून ठेवण्याचे वचन संस्थेने ठरावाने दिले होते, हे आम्हांला या सूचीमुळेच कळले. मधल्या दोन कार्यकारिणींना त्याचा पत्ताही नव्हता.

सह्यांची मूळ वही मात्र कपाटातच राहते आणि पुढेही कागदावरच सह्या होतात. सामायिक प्रणाली तिला पर्याय नाही. मसुदा सामायिक दस्तऐवजात सर्वांनी पाहावा, हरकती त्याच दस्तऐवजात शेऱ्यांच्या रूपाने नोंदवाव्यात, अंतिम मजकूर छापून वहीत डकवावा, सह्या घ्याव्यात आणि सहीचे पान स्कॅन करून सूचीला जोडावे. ‘फायनल सहीचा’ ही फाइल अशा रीतीने जन्मालाच येत नाही.

मराठीचे खाचखळगे

मराठीत काम करणाऱ्या संस्थेची अर्धी फजिती इथे होते, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. संस्थेतल्या जुन्या फायली श्रीलिपी, कृतिदेव किंवा तशाच एखाद्या जुन्या फॉन्टमध्ये असतील, तर त्या संगणकाच्या दृष्टीने मराठी नसतातच. इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरीची चित्रे बसवलेली असतात. फॉन्ट नसलेल्या फोनवर त्या उघडल्या की निरर्थक चिन्हे दिसतात आणि ‘देणगी’ शोधले तर एकही फाइल मिळत नाही. त्या युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक लिपीच्या अक्षराला स्वतंत्र क्रमांक देणाऱ्या सर्वमान्य पद्धतीत, बदलून घ्याव्यात. त्यासाठी परिवर्तक मिळतात, परंतु ऱ्हस्व वेलांटी आणि रफार यांच्या जागा हमखास घसरतात, कारण जुन्या पद्धतीत वेलांटी अक्षराच्या आधी टंकित केलेली असते. म्हणून महत्त्वाच्या फायली डोळ्यांखालून घालाव्याच लागतात. बाकीच्यांची सूची पुरे.

युनिकोडमध्येही सारे आलबेल नाही. ‘ॲडव्हान्स’ हा शब्द ‘ॲ’ या स्वतंत्र अक्षराने लिहिता येतो, ‘अ’वर चंद्र देऊन ‘अॅडव्हान्स’ असाही लिहिता येतो, आणि कोणी ‘ऍडव्हान्स’ लिहितो. पहिले दोन डोळ्यांना सारखे दिसतात, शोधयंत्राला मात्र दोन वेगळे शब्द वाटू शकतात. ‘दुसऱ्या’मधल्या ऱ्याचे तेच: तो नुक्त्याच्या ‘ऱ’ने घडतो किंवा साध्या ‘र’ला अदृश्य जोडचिन्ह देऊन. आमच्याकडे कर्मचाऱ्यांच्या ॲडव्हान्सची बेरीज एकदा चुकली ती याच कारणाने. ठरावीक शब्दाच्या नोंदी वेगळ्या काढणारी गाळणी (फिल्टर) लावली तेव्हा तीन नोंदी बाहेर राहिल्या. उपाय असा, की वारंवार लागणारे शब्द हाताने लिहूच देऊ नयेत, रकान्यात निवडसूची द्यावी, आणि कार्यालयातल्या सर्व यंत्रांवर एकच कळफलक, शक्यतो भारतीय लिप्यांसाठीचा प्रमाणित ‘इनस्क्रिप्ट’, ठेवावा.

अंकांबाबतही नियम हवा. रकमेच्या रकान्यात ‘५००’ असे देवनागरी अंक लिहिले तर तक्ता त्यांना पुष्कळदा संख्या न मानता मजकूर मानतो आणि बेरजेत धरत नाही. पानभर देणग्या आणि खाली बेरीज शून्य, हा देखावा आमच्या खजिनदारांनी पाहिला आहे. रकमा आणि दिनांक इंग्रजी अंकांत लिहावेत. फाइलच्या नावात आधी वर्ष, मग महिना, मग दिवस असा क्रम ठेवावा, म्हणजे यादी आपोआप कालक्रमाने लागते. पण काही नावांत देवनागरी अंक आणि काहींत इंग्रजी असे झाले की हा क्रम मोडतो.

अधिकार कोणाला किती

पाहणे, शेरा देणे आणि बदलणे अशा तीन पायऱ्या बहुतेक प्रणालींत असतात. बदलण्याचा अधिकार ज्याचे ते काम आहे त्यालाच द्यावा. लेखापरीक्षकांना व्हाउचरच्या फोल्डरवर पाहण्याचा आणि हिशोबाच्या तक्त्यावर शेरा देण्याचा अधिकार देऊन पाहावा. पूर्वी आमचे व्हाउचर पिशव्यांतून त्यांच्या कार्यालयात जात आणि शंका फोनवर विचारल्या जात. आता शंका त्या त्या नोंदीवरच लिहिलेली असते, उत्तरही तिथेच असते, आणि पुढच्या वर्षी तीच शंका आली तर मागचे उत्तर दाखवता येते.

‘दुवा असलेल्या कोणालाही’ ही परवानगी मात्र संस्थेच्या कोणत्याही फोल्डरला देऊ नये, आणि विद्यार्थ्यांच्या कागदांना तर कधीच नाही. वसतिगृहाच्या प्रवेश अर्जांसोबत आधार, उत्पन्नाचे दाखले, पालकांचे क्रमांक येतात. वैयक्तिक डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये झाला आहे, पण कायदा नसता तरी ही जबाबदारी होतीच. आधारची प्रत लागलीच तर शेवटचे चारच अंक दिसणारी घ्यावी, आणि विद्यार्थी सोडून गेल्यावर कोणता कागद किती दिवसांनी काढून टाकायचा हे लिहून ठेवावे.

माणसे

आमच्या लेखनिक ताई तेवीस वर्षे आवक-जावक सांभाळत होत्या आणि कोणत्या पत्राचा तुकडा कोणत्या फायलीत आहे हे त्यांना न पाहता सांगता येई. नव्या पद्धतीबद्दल त्या काहीच बोलत नव्हत्या, हेच काळजीचे होते. एकदा चहा घेताना त्या म्हणाल्या, “वही कधी हँग होत नाही, सर.” मग थोडे थांबून, “आणि सगळं सगळ्यांना सापडायला लागलं, तर मला कोण विचारणार?” प्रशिक्षणाच्या कोणत्याही पुस्तिकेत हा प्रश्न नसतो, आणि प्रणाली रुजते की बारगळते हे पुष्कळदा त्याच्या उत्तरावर ठरते. आम्ही फोल्डरांची आणि विषयांची नावे ठरवण्याचे काम ताईंकडे सोपवले. त्यांच्या संमतीशिवाय नवा फोल्डर निघत नाही. विकीवरची पहिली बारा पाने त्यांनी सांगितली आणि वाचनालयातल्या एका मुलाने टंकित केली. पाण्याच्या टाकीचा पंप बंद पडला तर कोणती कळ आधी दाबायची, मालमत्ता कराच्या बिलात नाव चुकले तर कोणत्या खिडकीवर जायचे, अशी ती पाने आहेत आणि सर्वांत जास्त उघडली जातात तीच. जुनी वही एक वर्ष समांतर चालू ठेवली. दुप्पट काम झाले खरे, पण तेवढी किंमत द्यावी. पहिल्याच दिवशी वही काढून घेणे ही मी पाहिलेली सर्वांत महाग काटकसर आहे.

बॅकअप आणि वार्षिक तपासणी

ढगात (क्लाउडवर, म्हणजे सेवा देणाऱ्याच्या सर्व्हरवर) आहे म्हणजे सुरक्षित आहे असे समजू नये. गूगल ड्राइव्हवर कचऱ्यात टाकलेली फाइल ३० दिवसांनी कायमची जाते, आणि पीडीएफसारख्या फायलींच्या जुन्या आवृत्त्या मुद्दाम राखून ठेवल्या नाहीत तर त्याही साधारण तेवढ्याच मुदतीत पुसल्या जातात. दर तीन महिन्यांनी संपूर्ण प्रत बाहेरच्या हार्ड डिस्कवर घ्यावी आणि ती डिस्क कार्यालयाच्या इमारतीत ठेवू नये. घेतलेली प्रत उघडून पाहावी. न उघडलेला बॅकअप हा नुसता समज असतो.

वर्षातून एकदा, शक्यतो वार्षिक सभेच्या आधी, कार्यकारिणीतल्या सर्वांत नव्या सदस्याला पाच कागदांची यादी द्यावी आणि कोणालाही न विचारता ते शोधायला सांगावे: घटनेची प्रत, चालू भाडेकरार, अग्निशमन यंत्रांच्या तपासणीचा दाखला, दहा वर्षांपूर्वीचा एखादा ठराव, आणि गेल्या महिन्यात आलेल्या एका पत्राचे उत्तर. कार्यवाहांनी त्या वेळी खोलीबाहेर बसावे. आमच्या पहिल्या तपासणीत चार कागद वीस मिनिटांत मिळाले. पाचवा, अग्निशमनाचा दाखला, सापडला नाही, कारण तो प्रत्यक्ष जिन्याशेजारच्या भिंतीवर फ्रेम करून लावलेला होता आणि स्कॅन करायचा राहून गेला होता. ताईंनी तो त्याच दुपारी उतरवला आणि नोंद केली.